हरीण, डुक्कर आणि कलम सतरा

"चाळीस मिनिटं," सचिवबाई म्हणाल्या. "स्वागत, मागचं इतिवृत्त, ठराव, मतदान, आभार. चाळीस मिनिटांत सभा उरकते की नाही, बघच तू."

धाकटी बहीण गाडी चालवत होती. तिने समोरची नजर हलवली नाही. "मागच्या वर्षी नुसत्या आभाराला चाळीस मिनिटं लागली होती, ताई."

"मागच्या वर्षी आभार अध्यक्षांनी मानले होते. यंदा मी मानणार आहे."

सचिवबाईंच्या मांडीवर एक जाड फाइल होती आणि फाइलीत एक कागद. त्यावर त्यांनी तेवीस नावं लिहिली होती. तेरा नावांपुढे बरोबरची खूण, दहांपुढे फुली. राष्ट्रीय वनधनुर्धर संस्थेच्या अकरा शाखा. प्रत्येक शाखेचे दोन प्रतिनिधी, म्हणजे बावीस, आणि तेविसावं मत सचिवांचं. राष्ट्रीय म्हटलं की लोकांना मोठी इमारत, जिना, पाटी असं काहीबाही वाटतं. या संस्थेचं मुख्यालय म्हणजे सचिवबाईंच्या झोपायच्या खोलीतलं लोखंडी कपाट होतं. वरच्या खणात त्यांचे स्वेटर, खालच्या तीन खणांत राष्ट्र.

आजच्या ठरावाने ते कपाटच जायचं होतं. धनुर्विद्येचा एक मोठा महासंघ आहे, तो मैदानी लोकांचा. सपाट गवत, आखलेलं अंतर, गोल तक्ता. आमच्या या लोकांचं तसं नाही. हे रानात पायवाटेने हिंडतात, फोमचं हरीण किंवा अस्वल झाडामागून दिसलं की थांबतात, अंतर आपल्या डोळ्यांनी जोखतात आणि बाण सोडतात. अंतर सांगायचं नाही, हाच त्यांचा धर्म. तर महासंघाचं पत्र आलं होतं की तुमची संस्था आमच्यात विलीन करा, आम्ही तुमची एक उपसमिती करू. उपसमिती! सचिवबाईंनी ते पत्र वाचून चष्मा काढला होता, पुसला होता आणि पुन्हा वाचलं होतं. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ही संस्था मांडली. तिची घटना, एकूण चव्वेचाळीस कलमं, सचिवबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिली. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. संस्था राहिली.

आणि विलीनीकरणाचा ठराव कुणी आणावा? वकीलभावोजींनी. यजमानांचा सख्खा धाकटा भाऊ. सचिवबाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा हा शाळेत होता आणि दप्तर टाकून थेट मागच्या अंगणात धनुष्य घ्यायला पळायचा.

सभा रानाच्या कडेच्या शेडमध्ये होती. एरवी तिथे फोमचे प्राणी ठेवतात. आज प्राणी भिंतीकडे सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या, त्यामुळे मागच्या रांगेतल्या माणसांच्या खांद्यावरून एक अस्वल आणि दोन कोल्हे सभेकडे बघत होते.

सचिवबाई चहाचा कप घेऊन लोकांत फिरल्या. कुणाच्या गुडघ्याची चौकशी, कुणाच्या नातवाची. असं फिरत फिरत त्या कोपऱ्यातल्या शाखेजवळ आल्या. शाखेचे प्रतिनिधी म्हणजे नवरा-बायको, दोघंही चष्म्याचे दुकानदार. दोघांनी एकाच वेळी कपात बघितलं.

"काय ठरलंय?" त्यांनी विचारलं.

"बाई, तसं नाही," नवरा म्हणाला. "पण महासंघात विमा मिळतो."

"कसला विमा?"

"बाण लागला तर."

"एकतीस वर्षांत कुणाला लागलाय?"

"तेच ना," बायको म्हणाली. "आता कुणाला तरी लागायची वेळ झाली."

तेरातून दोन गेले, अकरा. दहात दोन आले, बारा. सचिवबाईंनी कागद फाइलीत खुपसला. मघाशी चहा गरम होता, आता तो पाण्यासारखा लागत होता.

"काय झालं?" धाकटीने विचारलं.

"एका मताने हरतोय."

"मग आता?"

सचिवबाईंनी फाइलीतून घटना अर्धी बाहेर काढली. मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. धाकटीला ते हसू लहानपणापासून माहीत होतं. त्या हसण्यानंतर दर वेळी मार तिने खाल्ला होता.

सभा सुरू झाली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते, माणूस मऊ. समोरच्याला दुखेल असं काही बोलायचं नाही, ही त्यांची धंद्यातली सवय. त्यांनी वकीलभावोजींना ठराव मांडायला सांगितलं.

वकीलभावोजी उठले. "वहिनी," ते म्हणाले, मग सभेकडे वळले. "मंडळी, संस्था चांगली आहे. पण ती एका माणसाच्या जिवावर चाललीय. उद्या त्या माणसाला साधा ताप आला, तर देशातल्या अकरा शाखांना पत्र कोण पाठवणार?"

"मला ताप येत नाही, भावोजी," सचिवबाई म्हणाल्या.

"बघा. यांना तापसुद्धा घटनेत बसवून हवा." लोक हसले. "हात वर करून मत घ्या, अध्यक्षमहाराज, आणि जेवायला मोकळे होऊ."

"एक मिनिट." सचिवबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात घटना होती. ती उघडायची त्यांना गरज नव्हती, तरी त्यांनी उघडली. "कलम सतरा. कोणत्याही सभासदाने मागणी केल्यास मतदान बाणाने होईल. मी मागणी करते."

नवीन लोकांना हे कलम आहे हेच ठाऊक नव्हतं. जुन्यांना ठाऊक होतं, पण ते कधी वापरलं जाईल असं वाटलं नव्हतं. स्थापनेच्या वर्षी सगळे तरुण होते, सगळ्यांना कागदाचा कंटाळा होता आणि धनुर्धरांनी चिठ्ठ्या टाकाव्यात ही शरमेची गोष्ट वाटत होती. म्हणून ते कलम. दोन प्राणी उभे करायचे, एक ठरावाच्या बाजूचा, एक विरुद्ध. प्रत्येकाने एकच बाण सोडायचा. बाण ज्या प्राण्याला लागेल तिकडे मत. मातीत गेला तर मत बाद.

वकीलभावोजी सावकाश खाली बसले. "वहिनी, हे तुम्ही खरंच करणार?"

"घटना आहे, भावोजी. मी कोण करणारी?"

डाव सरळ होता. विलीनीकरणवाल्यांत निम्मे मैदानी सवयीचे. अंतर सांगितलं नाही की त्यांचा हात अडखळणार. आणि सचिवबाईंची माणसं म्हणजे शिंपी, निवृत्त पोस्टमन, अध्यक्ष, जुने खंदे. शिंप्याने एकदा खिंडीपलीकडून सशाच्या कानावर बाण मारलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पोस्टमन तर पावसात, छत्री काखेत धरून निशाण साधायचा. बाई सुताराला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ओढ्यापलीकडे ठेव. लांब. हरीण आपलं, डुक्कर त्यांचं."

सुतार संस्थेचे प्राणी दुरुस्त करायचा. तो सभासद नव्हता, त्यामुळे निःपक्षपाती होता. "पलीकडे सपाट जागा एवढीशीच आहे बाई. दोघं अगदी खेटून बसतील."

"बसू देत."

हे सगळं करताना एक गोष्ट सचिवबाईंच्या लक्षात आली नाही. शिंप्याने सशाच्या कानावर बाण मारला त्याला सत्तावीस वर्षं झाली होती. पोस्टमनची छत्री आता काठी झाली होती. सचिवबाईंच्या फाइलीत प्रत्येक सभासदाचा पत्ता वेळच्या वेळी बदललेला असायचा, पण त्यांच्या मनात सगळी माणसं पहिल्या वर्षाच्या फोटोतच उभी होती.

सगळे ओढ्याच्या काठाशी आले. पलीकडच्या उतारावर, झाडांच्या सावलीत, तपकिरी हरीण आणि काळं रानडुक्कर शेजारी शेजारी उभी होती. सुतार एका जाड खोडामागे उभा राहिला. बाण लागला की तो तिथून ओरडून सांगणार होता. धाकटीच्या हातात वही दिली. नव्या सभासदाने आधी, जुन्याने शेवटी, असा नियम होता.

पहिली नर्स. वयाने पंचविशीची, विलीनीकरणवाली. सचिवबाई निश्चिंतपणे बघत होत्या. नर्सने ओढा बघितला, उतार बघितला, धनुष्य उचललं आणि बाण सोडला.

"डुक्कर," खोडामागून आवाज आला.

"अंतर कसं काढलंस गं?" सचिवबाईंनी न राहवून विचारलं.

"आजी, मी दिवसभर शिरा शोधते," नर्स म्हणाली. "हे त्या मानाने मोठं आहे."

दुसरा बाण मातीत. तिसरा पुन्हा डुक्कर. चौथा व्यायामशिक्षकाचा, तोही तिकडचाच. त्याने छाती फुगवून बाण सोडला.

"हरीण."

"अहो नाही," व्यायामशिक्षक म्हणाला. "मी डुकराला मारला. माझं मत डुकराला आहे."

सचिवबाईंनी पान उलटलं. "कलम सतरा, पोटकलम तीन. बाण जिथे लागला तिथे मत. मनात काय होतं ते विचारात घेतलं जाणार नाही."

"हा अन्याय आहे."

"हे नेम चुकणं आहे," सचिवबाई म्हणाल्या. धाकटीने हरणाखाली एक रेघ ओढली. सचिवबाईंचा चेहरा उजळला, आणि पुढे चष्मेवाल्या नवऱ्याचाही बाण हरणाला लागला तेव्हा त्यांनी त्याला सगळ्यांसमोर पाणी विचारलं.

पण नवे लोक अकरा झाले तेव्हा डुक्कर पाच, हरीण तीन, माती तीन असा हिशेब होता. हरकत नाही. आता जुने येणार होते.

शिंपी पुढे आला. त्याने धनुष्य ताणलं, मान किंचित तिरकी केली, अगदी तशीच. सत्तावीस वर्षं कुठच्या कुठे गेली.

"डुक्कर."

शिंपी वळला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "लागला ना?"

"लागला," धाकटी म्हणाली.

"बघा. अजून हात शाबूत आहे."

"कशाला लागला ते ऐकलंत का?"

"हरणाला. ते काय, काळं दिसतंय की."

"ते डुक्कर आहे," सचिवबाई हळूच म्हणाल्या.

शिंप्याने डोळे बारीक केले. "मग हरीण कुठलं?"

वकीलभावोजी पाठीमागे हात बांधून उभे होते. "वहिनी," ते अगदी अदबीने म्हणाले, "कलम सतरा, पोटकलम तीन."

सचिवबाईंनी घटना मिटली. धाकटीने डुकराखाली रेघ ओढली, शक्य तितकी लहान.

त्यानंतरचा अर्धा तास सचिवबाई पुढे कधीच नीट सांगू शकल्या नाहीत. पोस्टमनने काठी झाडाला टेकवली, दोन्ही पाय रोवले, आणि त्याचा बाण अर्ध्या वाटेत वळल्यासारखा डुकराच्या पाठीत बसला. अध्यक्षांनी बाण सोडण्याआधी समोर बघून "थोडंसं लागेल हं" असं सवयीने म्हटलं. त्यांचा बाण ओढ्यात गेला. कुणाचा खोडाला, कुणाचा गवतात. मग सलग तीन हरणाला. मग माती. मग पुन्हा हरीण. दर बाणानंतर सगळी डोकी खोडाकडे वळत आणि मग वहीकडे. रानात एवढी माणसं असून पाखरांचा आवाज ऐकू येत होता.

"किती?" सचिवबाईंनी विचारलं.

"सात हरीण, सात डुक्कर, सात माती," धाकटी म्हणाली. "उरले दोघं."

उरले होते सगळ्यात जुने दोघं. सभासद क्रमांक तीन सचिवबाई. क्रमांक दोन यजमान, ती जागा आता रिकामी. आणि क्रमांक एक वकीलभावोजी, कारण पहिल्या दिवशी अर्ज लिहायला पेन त्यांच्याच खिशात होतं.

सचिवबाईंनी आपलं धनुष्य उचललं. दर वर्षी त्या त्याच्या दोरीला मेण लावत आणि दर वर्षी बरोबर आणत. शेवटचं ओढलं होतं त्याला अकरा वर्षं झाली होती.

"ताई," धाकटी जवळ येऊन पुटपुटली, "नाही जमलं तर मातीत मार. चुकून डुकराला तरी नको."

"मी संस्थेची सचिव आहे. मी मातीत मारू?"

त्या पुढे झाल्या. हरीण समोर होतं. यजमान म्हणायचे, पानं बघू नकोस, खोडं मोज, अंतर आपोआप कळतं. त्यांनी खोडं मोजली. धनुष्य उचललं. दोरी गालापर्यंत आली, आणि त्या क्षणी उजव्या खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. बोटं आपोआप सुटली.

बाण गेला. लागल्याचा आवाजही आला. पण खोडामागून काही शब्द येईना.

"अरे, बोल की," सचिवबाई म्हणाल्या.

सुताराने खोडाआडून अर्धं तोंड बाहेर काढलं. "बाई, जरा सावली आहे. पुन्हा बघून सांगू का?"

"दिसतंय तेच सांग."

"सांगायलाच हवं का?"

"सांग."

"डुक्कर," सुतार म्हणाला, आणि पुन्हा खोडामागे गेला.

धाकटीची पेन्सिल वहीवर तशीच थांबली होती. सचिवबाई वळल्या. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज सभेतलाच होता. "लिही. बाण जिथे लागला तिथे मत. आठ."

आता वकीलभावोजींचा एकच बाण उरला होता आणि त्यांनी तो आकाशात सोडला असता तरी चाललं असतं. आठ विरुद्ध सात. कपाट रिकामं करायचं. एकतीस वर्षांची इतिवृत्तं खोक्यांत भरून त्या उपसमितीकडे पाठवायची. खालचे तीन खण. त्यांत आता काय ठेवायचं, एवढा एकच विचार सचिवबाईंच्या डोक्यात येत होता.

वकीलभावोजींनी बाही सरळ केली. धनुष्य उचलायच्या आधी त्यांनी एकदा वहिनींकडे बघितलं. सचिवबाई समोर ओढ्याकडे बघत होत्या, ताठ, उजवा हात गालाशी. सत्तरी उलटलेली बाई एकटीच रेषेवर उभी होती.

या माणसाचा नेम सगळ्या देशात माहीत होता. तरुणपणी त्याने राष्ट्रीय ढाल चार वेळा घरी आणली होती, आणि परवापरवापर्यंत रविवारी सकाळी तो रानात दिसायचा. त्याने घाई केली नाही. खोडं मोजली. दोरी ओढली. सोडली.

"हरीण," सुतार ओरडला. मग खोडामागून पूर्ण बाहेर येऊन पुन्हा ओरडला, "बाई, हरीण!"

सगळे एकदम बोलायला लागले. व्यायामशिक्षक म्हणाला, "हे काय हो वकीलसाहेब?"

"वारा," वकीलभावोजी म्हणाले.

धाकटीने वर बघितलं. झाडाचं एक पान हलत नव्हतं. "वारा कुठे आहे?"

"आपण सभासद नाही," वकीलभावोजी म्हणाले. "आपल्याला बोलायचा अधिकार नाही."

आठ हरीण, आठ डुक्कर. अध्यक्ष बिचारे घाबरले. बरोबरी झाली म्हणजे आता निर्णय आपल्यावर येणार, असं त्यांना वाटलं. पण सचिवबाईंना कलम चोवीस पाठ होतं. "मतं समसमान झाल्यास ठराव फेटाळला गेला असे समजावे," त्या म्हणाल्या. संस्था राहिली होती.

वकीलभावोजी त्यांच्या शेजारून शेडकडे निघाले. जाता जाता हळूच म्हणाले, "पण वहिनी, एक मदतनीस घ्या. कपाटाला दुसरी किल्ली करा. एवढं तरी ऐका."

"बघू," सचिवबाई म्हणाल्या. ही त्यांची मोठी कबुली होती.

शेडमध्ये परत सगळे बसले. अध्यक्षांनी ऐनवेळचे विषय विचारले आणि वकीलभावोजी पुन्हा उठले.

"माझा एक ठराव आहे. कलम सतरा रद्द करावं. यापुढे मतदान फक्त हात वर करून व्हावं."

"अनुमोदन," शिंपी म्हणाला. "आणि आमच्या वयाच्या माणसांना खुर्चीत बसून हात वर करू द्यावा."

कलम सतरा सचिवबाईंनी स्वतः लिहिलेलं होतं. पोटकलमांसकट. त्याला कुणी हात लावायला येईल त्या दिवसासाठी त्यांच्या फाइलीत सहा पानी भाषण तयार होतं. धाकटीने ते काढून त्यांच्यासमोर ठेवलं. सचिवबाईंनी ते घेतलं नाही.

"घे ना," धाकटी पुटपुटली. "आणि तो हात जरा खाली कर."

"येत नाहीये."

"म्हणजे?"

"खांदा अडकलाय. दोरी सोडल्यापासून असाच आहे. गप्प बस."

धाकटीने नीट बघितलं. ओढ्यापासून शेडपर्यंत बाई हात गालाशी घेऊन आल्या होत्या, आणि सगळ्यांना वाटलं होतं की त्या विचार करताहेत. आता बसताना कोपर वर सरकलं आणि हात डोक्याच्याही वर गेला.

"ठरावाच्या बाजूचे हात," अध्यक्ष म्हणाले, आणि आनंदाने पुढे म्हणाले, "अरे वा, सचिवबाईंचा आलासुद्धा."

सगळी शेड वळून बघायला लागली. सचिवबाईंनी तोंड उघडलं. त्यांना म्हणायचं होतं की हा हात ठरावाला नाही, हा हात दुखतोय. पण समोर शिंपी बसला होता, शेजारी काठी धरून पोस्टमन, आणि दोघंही हात वर करून त्यांच्याकडे विश्वासाने बघत होते. सचिवबाईंनी तोंड मिटलं.

तेवीसच्या तेवीस हात वर होते.

मग मात्र त्यांना राहवेना. "इथे कुणी डॉक्टर आहे का?" त्यांनी दात ओठांवर रोवून विचारलं. अध्यक्ष लगबगीने आले, खांद्यावर वाकले, आणि सवयीने म्हणाले, "आ करा."

शेवटी नर्सने तो हात खाली आणला. त्याला चांगली दहा मिनिटं लागली. तोवर बाईंना लिहिता येत नव्हतं म्हणून सभेचं इतिवृत्त धाकटीने लिहिलं. ते आजही कपाटात आहे, खालच्या खणात. धाकटीला सभेची भाषा येत नव्हती, तिने आपलं जे दिसलं ते लिहिलं: "कलम सतरा रद्द. सर्वानुमते. या ठरावाला ताईने सर्वांच्या आधी हात वर केला आणि सर्वांच्या नंतर खाली घेतला."